रा. रा. लोक काय म्हणतील यांस

रा. रा. लोक काय म्हणतील यांस,

सा. न. वि. वि.

पाकिटावर पत्ता काय घालावा ते सुचेना, म्हणून पत्र उघडंच पाठवतो आहे. बंद करून पाठवलं असतं तरी तुमच्यापर्यंत पोचायच्या आत चार जणांनी वाचलं असतंच. ‘रा. रा.’ मात्र मुद्दाम घातलं आहे. तुम्हाला बाईमाणूस समजायची आपल्याकडे जुनी खोड आहे. पाणवठा, नळावरची रांग, पापड लाटायची दुपार, सगळा दोष बायकांच्या पदरात. माझी आणि तुमची गाठ पडली ती बहुतेक पुरुषांतच. शेअर रिक्षाच्या रांगेत, पानटपरीवर, मंडळाच्या वर्गणीच्या टेबलावर, आणि सगळ्यात जास्त एका पतसंस्थेच्या कर्ज उपसमितीच्या बैठकीत. तिथे तर तुम्हाला चहाही मिळायचा.

चेंबूरच्या एका पतसंस्थेत मी कर्जविभागात होतो. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहितो. अर्जाला कागद लागत: पगारपत्रक, रेशनकार्ड, वीजबिल, दोन जामीनदार, त्यांची पगारपत्रकं. हे सगळं फायलीला लागे. निर्णयाला जे लागे ते फायलीत नसे. अर्ज वाचून झाला की एक संचालक चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, “पार्टी कशी आहे?” तिथून तुमचा अंमल सुरू व्हायचा. “पोरगा बरा आहे हो, पण भाऊ नादी आहे.” “बापाने भिशी बुडवली होती, नव्वद-ब्याण्णवची गोष्ट.” “सासुरवाडी भक्कम आहे, अडकला तर ते भरतील.” “मला काय करायचंय, पण त्याच्या दारात हल्ली रोज वेगळी मोटारसायकल असते.” पाच मिनिटांत एका माणसाची तीन पिढ्यांची अब्रू टेबलावरून फिरून यायची, आणि मी इतिवृत्तात लिहायचो, ‘साधकबाधक चर्चा होऊन अर्ज नामंजूर.’ सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली थकबाकीदारावर वसुलीचा दाखला निघतो. निदान त्याआधी त्याला नोटीस तरी जाते. तुमची नोटीस कुणालाच जात नाही. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो तेव्हा बाहेर बाकावर, फॉर्मवर फोटो नीट चिकटलाय की नाही ते पाहत बसलेला असायचा.

तुमचा डाकवाला म्हणजे आमचा पिग्मीवाला. रोज संध्याकाळी दुकानोदुकानी हिंडून वीस-पन्नास रुपयांची ठेव गोळा करणारा. रुपयांसोबत तो बातम्याही आणी: कुणाचं शटर दुपारीच खाली आलं, कुणी शंभराची पिग्मी पन्नासवर आणली, कुणाच्या घरी सोनाराची पावती दिसली. ठेवीवर त्याला कमिशन मिळे. बातम्या तो फुकट द्यायचा, आणि संस्थेला त्याच जास्त महाग वाटायच्या.

इतकं वाचून वाटेल की मी तुमच्यावर फिर्याद घेऊन आलोय. तसं नाही. तुमच्या हातून भलंही झालेलं मी पाहिलं आहे, तेही त्याच टेबलावर. माहुल गावातल्या एक मासळीवाल्या मावशी होत्या. पगारपत्रक नाही, दुकानाचा परवाना नाही, सही म्हणजे अंगठा. बँकेने त्यांना दारातही उभं केलं नसतं. आमच्या समितीत त्यांचा अर्ज दोन मिनिटांत सुटला. “मावशींचं? द्या. समुद्र आटला तरी मावशींचा हप्ता चुकणार नाही.” हे म्हणणारे तिघेही त्यांच्या नात्यातले नव्हते, जातीतले नव्हते. पण त्यांच्या आयांनी मावशींकडून उधारीवर मांदेली घेतली होती, मावशींनी ती उधारी कधी दाराशी येऊन ओरडून मागितली नव्हती, आणि आपण दुसऱ्याचं देणं लागलो तर तिन्हीसांजेच्या आत पोचतं केलं होतं. तीस-पस्तीस वर्षांचं बोलणं साठून मावशींची पत झाली होती. कागदावर जामीनदार दोनच. खरे जामीनदार तुम्ही होतात.

म्हणून २०१७ साली जे झालं ते मला वेगळं दिसलं.

तानसाच्या जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने हटवायला काढल्या आणि विद्याविहार, घाटकोपर आणि कुठकुठची माणसं माहुलच्या वसाहतीत आणून सोडली. माहुल गाव जुनं, कोळ्या-आगऱ्यांचं, खाडीच्या काठचं. १९५४-५५ मध्ये शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मग खताचा कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या टाक्या. त्या टाक्यांना खेटून प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती, १७,२०५ घरं. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. पाच हजारांवर कुटुंबं राहायला आली, बाकीची घरं रिकामी. कोण कुठल्या इमारतीत, कोण कुणाच्या शेजारी, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. पाइपलाइनला ज्यांच्या भिंतीला भिंत होती त्यांच्यात आता दहा इमारतींचं अंतर.

वसाहतीतला पहिला अर्ज माझ्या टेबलावर आला तो एका टेम्पोचालकाचा. रक्कम किरकोळ, कारण मुलीची फी. विद्याविहारला वीस वर्षं राहिलेला माणूस. चष्मा टेबलावर ठेवला गेला. “पार्टी कशी आहे?”

कुणी बोललं नाही. पहिल्यांदाच असं झालं की तुम्हाला त्या टेबलावर सांगायला काही नव्हतं. मग एकाने पत्ता विचारला. मी वाचला: माहुल, इमारत अमुक, खोली तमुक. “अच्छा, तिकडचे,” ते म्हणाले आणि अर्ज बाजूला ठेवला.

मी नंतर त्या माणसाशी बोललो. पाइपलाइनला तो गणपती मंडळाचा खजिनदार होता. वाणी त्याला महिन्याच्या बोलीवर किराणा द्यायचा. गल्लीतली भिशी त्याच्या घरी फुटायची, कारण पैसे त्याच्याकडे ठेवले तर लोकांना झोप लागायची. हे सगळं खरं असणार, पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते वाण्याच्या, भिशीतल्या बायकांच्या, मंडळातल्या पोरांच्या तोंडी होतं. वाणी गावी निघून गेला. भिशीतल्या अर्ध्या बायका दुसऱ्या इमारतींत, अर्ध्या भाड्याने कळव्याला. घर तोडताना भांडी, पत्रे, सिलिंडर टेम्पोत भरू दिले होते. साक्षीदार टेम्पोत भरता येत नाहीत. त्याने जामीनदार म्हणून मजल्यावरचे दोघे आणले. त्या दोघांनाही कुणी ओळखत नव्हतं.

लोकराव, माझं म्हणणं आहे ते इथे. एका जागी राहणाऱ्या माणसाविषयी तुम्ही चांगलं-वाईट दोन्ही बोलता. वीस वर्षं कुणी नुसतंच वाईट नसतं, त्यामुळे बोलण्याचं बोलण्यानेच खंडन होत राहतं. कुणी म्हणालं पोरगी उशिरा घरी येते, तर दुसरी कुणी म्हणते, अगं ती रात्रशाळेत जाते. माणूस उचलून दुसरीकडे टाकला की ही दुसरी बाई नाहीशी होते. चांगलं बोलायला माणूस माहीत असावा लागतो. वाईट बोलायला नुसता पत्ता पुरतो. माहुलला तुम्ही वर्षानुवर्षं नुसत्या पत्त्यावर बोलत आला आहात.

तुमचा हा स्वभाव माहुलपुरता नाही, एवढं कबूल करतो. इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका वस्तीचा अभ्यास नॉर्बर्ट इलायस आणि जॉन स्कॉटसन या दोघांनी करून १९६५ साली पुस्तक काढलं. वस्तीला त्यांनी ‘विन्स्टन पार्व्हा’ असं खोटं नाव दिलं. एकाच वर्गातले, एकाच वर्णाचे, त्याच कारखान्यांत जाणारे कामगार. फरक इतकाच की काही पिढीजात तिथले आणि काही नंतर आलेले. जुन्यांनी नव्यांना हलकं ठरवलं ते निव्वळ बोलून. आपल्यातल्या सगळ्यात चांगल्या चार घरांवरून आपली किंमत करायची आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वाईट चार घरांवरून त्यांची. जुने हे करू शकले, कारण ते एकमेकांना ओळखत होते. नव्यांना उलट बोलता आलं नाही, कारण ते एकमेकांनाच अनोळखी होते. पुढे तर नव्यांतले काही जण आपल्याविषयीचं ते बोलणं खरंच मानू लागले. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, या गृहस्थांनी आमचं इतिवृत्त कुठे पाहिलं!

माहुलला तुमची शिडी अशी लागली आहे. चेंबूर स्टेशनकडचे लोक वाशी नाक्याला नाक मुरडतात. वाशी नाक्याचे माहुल म्हटलं की हसतात. माहुल गाव वसाहतीला नावं ठेवतं. आणि वसाहतीतल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, “आमची बिल्डिंग चांगली आहे, त्या मागच्या दोन आहेत ना, तिथलं वातावरण खराब.” मागच्या दोनमधले आणखी कुणाकडे बोट दाखवत असतील. शिडीच्या तळाशी कोण आहे ते मला आजवर सापडलेलं नाही.

गावाचं मी समजू शकतो. माहुलच्या कोळ्यांनी साठ वर्षं चेंबूरच्या सोसायट्यांकडून ‘त्या वासातले लोक’ असं ऐकलं. खाडीतली मासळी घटली, जाळ्यात तेलाचा गाळ यायला लागला, आणि वर ही उपाधी. मग शेजारी एकदम पाच हजार अनोळखी कुटुंबं आली आणि गाव एका रात्रीत एक पायरी वर चढलं. कुणाचा मोबाइल गेला तर “वसाहतीतला असेल.” गावातला पोरगा पकडला गेला तर “वसाहतीतल्या पोरांची संगत लागली.” बोटीचं इंजिन चोरीला गेलं, पाणी कमी दाबाने आलं, रिक्षावाल्याने जादा भाडं घेतलं, सगळ्याचा पत्ता एकच. याच खाडीत हिवाळ्यात हजारोंनी फ्लेमिंगो येतात, शिवडी आणि माहुलच्या चिखलात पाय रोवून महिनोन्‌महिने राहतात. तेही बाहेरचेच की. त्यांच्याविषयी तुम्ही चकार वाईट बोलत नाही. लोक कॅमेरे घेऊन बघायला येतात.

आता जे लिहितो ते जरा नाजूक आहे, आणि तुम्ही ते अर्धवट ऐकून पुढे सांगाल अशी भीती आहे, म्हणून सावकाश वाचा.

माहुलविषयी तुम्ही जे बोलता त्यातलं एक सपशेल खरं आहे. तिथली हवा वाईट आहे. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा दर तिघांतल्या दोघांना महिन्यातून तीनहून जास्त वेळा धाप लागत होती. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी तिथेच हजारो कुटुंबं राहायला पाठवली. ८ ऑगस्ट २०१८ ला शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, घरांच्या खिडक्या हादरल्या. त्या ऑक्टोबरात वसाहतीतली माणसं परत विद्याविहारला, आपल्याच पाडलेल्या घरांच्या जागी, पाइपलाइनशेजारच्या पदपथावर जाऊन बसली आणि महिनोन्‌महिने बसून राहिली. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की यांना दुसरीकडे घरं देता येत नसतील तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या, म्हणजे ते आपली सोय बघतील. २०२० मध्ये हरित लवादाने तिथल्या कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई लावली.

हे सगळं मिळालं कशामुळे? बोलल्यामुळे. बायकांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं की माझ्या अंगावर चट्टे उठलेत, माझ्या पोराला दमा लागला, माझा नवरा इथे आल्यापासून आठ महिन्यांत गेला. एक्सरे आणि औषधांच्या चिठ्ठ्या हातात धरून सांगितलं. न्याय हवा असेल तर आजार मोठ्याने सांगावा लागतो, पुराव्यानिशी, नावानिशी. कुणी माहुलला माणसांचं डम्पिंग ग्राउंड म्हटलं, कुणी गॅस चेंबर. लढ्याला ते शब्द उपयोगी पडले.

पण तेच शब्द तुम्ही उचललेत आणि सोयरिकीच्या बैठकीत नेऊन ठेवलेत. “मुलगी माहुलची? मग दमा-बिमा नाही ना?” “त्यांच्या अंगावर डाग असतात म्हणे.” “तिथे राहिलेल्यांना मुलंबाळं...” हे वाक्य कुणी पुरं करत नाही, आणि पुरं न केल्यामुळेच ते जास्त पसरतं. जी बाई न्यायालयासाठी आपली धाप मोजून दाखवत होती, तीच बाई मुलीच्या पाहुण्यांसमोर खोकला आला की उठून मोरीत जाते. कोर्टात आजार सिद्ध करायचा आणि दिवाणखान्यात तो लपवायचा, दोन्ही एकाच फुप्फुसाने. पोरं नोकरीच्या अर्जावर पत्ता ‘चेंबूर, मुंबई ७४’ एवढाच लिहितात, माहुल गाळतात. मुंबई ७४ हे खोटं नाही, कुणी हरकत घेऊ शकत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना घाटकोपरच्या जुन्या कामाच्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत, उशीर होई, काम सुटे, आणि तुम्ही म्हणायचात, “माहुलला गेल्यापासून आळशी झाली.”

आगीशिवाय धूर निघत नाही, असं तुमचे पाठीराखे नेहमी सांगतात. माहुलला येऊन पाहा म्हणावं. तिथे धूर चोवीस तास निघतो, आणि ज्यांच्या अंगावर तो येतो त्यांनी आग लावलेली नसते.

बँकांच्या आणि फायनान्सवाल्यांच्या बोलीत ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणून एक शब्द आहे. ज्या वस्तीतल्या अर्जाकडे बघायचंच नाही ती वस्ती. अशी यादी भिंतीवर लावलेली नसते, पण वसुलीच्या पोरापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ असते. मला आधी वाटलं होतं की सिबिलचा स्कोअर आला म्हणजे तुमची सद्दी संपेल. ३०० ते ९०० मधला एक आकडा, त्याला ना जात, ना शेजार, ना भावाचे नाद. संचालकांना चष्मा काढायचं कारणच उरणार नाही. पण आकडा चांगला असलेल्या अर्जावरही पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलेलं मी पाहिलं. तुम्ही फायलीतही शिरलात.

तुमच्या जुन्या कर्तबगारीचं एक प्रकरण मला फार आवडतं, ते सांगतो. तुम्हालाही जुनी आठवण निघाली की बरं वाटेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. नंतर चहा आला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेऊन बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली. स्वतः गोपाळराव कसले सोवळे नव्हते. त्यांना मजा बघायची होती. मजा झाली. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला माणसं आली, घराघरांतली श्राद्धं आणि लग्नं अडली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. टिळकांनी शास्त्राधार काढून आणि काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून उत्तर दिलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पुढच्याच वर्षी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

त्या प्रकरणात कितीही दुष्टपणा असला तरी परतीची वाट ठेवलेली होती. इतकी दक्षिणा, इतकं पंचगव्य, आणि मग पंगतीला बसा. ज्यांचं आधीच नाव होतं त्यांना ती वाट जरा जास्त रुंद मिळाली, हे खरं. माहुलला ‘तिकडचे’ ठरलेल्या माणसाने कुठलं प्रायश्चित्त घ्यावं? पत्ता बदलणं हे एकच. आणि मुंबईत पत्ता बदलायचा तर कर्ज लागतं, ज्याच्या अर्जावर आधीचा पत्ता लिहावा लागतो.

कायद्याकडे जाऊन पाहिलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ च्या जुलैत तो लागू झाला. कुणाला वाळीत टाकलं तर तुरुंगवास आहे, दंड आहे. कोकणातल्या गावकीच्या जाचातून सुटायला काही कुटुंबांना त्याचा आधार मिळाला. पण वाळीत टाकायला गाव जमावं लागतं, कुणीतरी निर्णय बोलून दाखवावा लागतो. तुम्ही निर्णय कधी बोलून दाखवत नाही. तुमचं सगळं काम ‘असं ऐकलं’वर चालतं. त्यामुळे त्या कायद्याची झळ तुम्हाला लागत नाही, अगदी निवांत राहा.

तुमचा सगळ्यात मोठा विजय मात्र परवाचाच आहे, २०२५ चा. माहुलच्या रिकाम्या घरांपैकी नऊ हजारांवर घरं महापालिकेने आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली, १२ लाख ६० हजारांना एक. मुंबईत! साडेबारा लाखांत इथे पागडीची खोलीही मिळत नाही. कर्मचारी बदलापूर-टिटवाळ्याहून रोज लोंबकळत येणारे. तरी अर्ज मोजकेच आले, मुदत वाढवावी लागली. हवा वाईट आहे म्हणून, हे आहेच, आणि ते कारण पुरेसंही आहे. पण पालिकेत ओळखीच्या एकाला मी विचारलं, तर तो हवेविषयी बोललाच नाही. “साहेब, घर घेतो एकवेळ,” तो म्हणाला, “पण मुलाचं लग्न कुठे करू?” ज्या पालिकेने त्या लोकांना तिथे नेऊन ठेवलं, तिच्याच शिपायाला तो पत्ता नको होता. यापेक्षा मोठी पावती तुम्हाला कोण देणार?

असो. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. तुमच्याकडे एक काम आहे.

वसाहतीतली एक मुलगी आहे. चेंबूरच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. येत्या रविवारी पनवेलकडची मंडळी तिला बघायला येणार आहेत. त्याआधी ती चौकशी करतील, म्हणजे तुम्हाला भेटतील. आधी रिक्षास्टँडवर विचारतील, मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे, आणि गावात त्यांचे कुणी दूरचे ओळखीचे निघाले तर तिथे. त्या तिन्ही ठिकाणी तुमचं बस्तान आहे, म्हणून आधी कळवून ठेवतो.

वडील काय करतात विचारलं तर टेम्पो चालवतात एवढंच सांगू नका. पाइपलाइनला मंडळाची पेटी त्यांच्याकडे असायची, हेही सांगा. होय, तोच टेम्पोवाला. त्याचा पहिला अर्ज अडला होता, दुसरा मंजूर झाला, आणि शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी आला. मुलगी रात्री साडेनऊला घरी येते, ही बातमी तुमच्याकडे आधीच असेल. लॅब नऊला बंद होते, हेही जोडून सांगा. तिच्या मजल्यावरच्या एका विधुराला तिने कर्जासाठी जामीन दिला होता. त्याला फुप्फुसाचं दुखणं निघालं, हप्ते थांबले, तेव्हा दोन हप्ते तिने आपल्या पगारातून भरले. कुणी मागायला गेलं नव्हतं. ती स्वतः काउंटरवर आली, पैसे मोजून ठेवले आणि पावती त्याच्या नावाने करायला लावली. हे खातेवहीतलं आहे आणि खातेवहीतलं बाहेर सांगायचं नसतं. तुमच्यापाशी बोललेलं तुमच्यापाशी राहत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो आहे.

तिच्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो. ते त्या मुलाला ती स्वतःच सांगणार आहे, पहिल्याच भेटीत. आईने नको म्हटलंय, पण तिने ठरवलंय. तेवढं एक तिच्या तोंडून निघू द्या, तुम्ही आधी जाऊन सांगू नका. पाहुणे अकराच्या सुमारास येतील.

कळावे.

आपला,
एक निवृत्त कर्ज-कारकून
चेंबूर, मुंबई ७४